ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि इंग्रजांची शिवी

‘ब्लडी’ हा शब्द ‘बाय अवर लेडी’चा, म्हणजे मरियममातेच्या शपथेचा अपभ्रंश आहे, असं ठासून सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक कंपूत असतो. त्यावर दुसरा सांगतो की ‘डॅम’ ही मुळात शिवीच नव्हे, आपला तांब्याचा ‘दाम’ इंग्रजांनी उचलला. तिसऱ्याकडे पितळी माकडाची गोष्ट तयार असते: जहाज, तोफगोळे, कडाक्याची थंडी. तिन्ही गोष्टी ऐकायला झकास आहेत आणि तिन्हींपैकी एकही पुराव्याला टिकत नाही. एवढंच असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण ब्रिटनमध्ये टीव्हीवर काय चालावं, दुकानाच्या काचेत काय लावावं, शाळेत पोराला कशावरून झापावं, या वादांत हीच मुळं साक्षीदार म्हणून उभी केली जातात. एक बाजू म्हणते मूळ पवित्र आहे, बोलू नका. दुसरी म्हणते मूळ निरुपद्रवी आहे, चालू द्या. माझं म्हणणं असं, की सौम्य इंग्रजी शिव्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा शब्द आधी वाईट ठरला आणि तो का वाईट, याला कारण हवं म्हणून मूळ मागाहून शोधलं गेलं. तेव्हा एखादा शब्द चारचौघांत चालेल की नाही हे ठरवताना मुळाची साक्ष काढूच नये.

इंग्रजीत ‘स्वेअर’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ होतात: शपथ घेणं आणि शिवी देणं. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. ‘शाप’ आणि ‘शपथ’ हे दोन्ही एकाच ‘शप्’ धातूचे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तोंड खराब असणं म्हणजे गुप्तांगांची नावं घेणं नव्हे, देवाच्या नावाने उगाच शपथा वाहणं. ख्रिस्ताच्या जखमांची शपथ, त्याच्या रक्ताची, हाडांची, क्रुसावरच्या खिळ्यांची. धर्मोपदेशक सांगत की अशी प्रत्येक शपथ ख्रिस्ताचं शरीर पुन्हा एकदा फाडते, आणि हे ते अलंकारिक अर्थाने म्हणत नव्हते. बकिंगहॅमशर परगण्यातल्या ब्रॉटनच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातलं एक भित्तिचित्र अजून टिकून आहे. मधोमध मरियम, तिच्या मांडीवर मुलाचा छिन्नविच्छिन्न देह, आणि भोवती छानछोकीच्या कपड्यांतले पुरुष. त्या पुरुषांच्या हातांत त्याच देहाचे तुकडे आहेत: कुणाकडे पाय, कुणाकडे हाडं. वाचता न येणाऱ्या माणसालाही शिवी म्हणजे काय हे तिथे उभं राहिलं की कळत असणार.

शपथ जिभेवर बसलेली, आणि पाप तर लागायला नको. मग माणूस जे करतो तेच इंग्रजांनी केलं. शब्द अर्धा गिळला. आपण ‘त्याच्या आईला’चं ‘च्यायला’ करतो, त्याच चालीवर. यातल्या युक्त्या ठरलेल्या आहेत. ‘गॉड’ गिळायचा आणि त्याच्या शेपटीचा फक्त ‘स’ ठेवायचा, ही सगळ्यात जुनी: ‘गॉड्स वून्ड्स’चं ‘झून्ड्स’, ‘गॉड्स ब्लड’चं ‘स्ब्लड’, आणि फार पुढे ‘गॉड्स ट्रुथ’चं ‘स्ट्रूथ’. झून्ड्समधल्या जखमा लोक विसरले तेव्हा नुसतं स्पेलिंग बघून ‘झाउन्ड्स’ म्हणू लागले. उच्चारच सांगतो की मूळ डोक्यातून गेलं. दुसरी युक्ती, सुरुवात तीच ठेवून ऐन वेळी गल्ली बदलायची. गॉडचं गॉश नाहीतर गॉली, क्राइस्टचं क्रायकी, क्राइप्स किंवा चक्क क्रम्ब्ज, हेलचं हेक, डॅमचं डार्न किंवा डॅश. तिसरी, अख्खं वाक्य एका दमात दामटायचं: ‘गॉड ब्लाइंड मी’चं ‘गोरब्लायमी’, त्याचं ‘कोर ब्लायमी’, शेवटी नुसतं ‘ब्लायमी’. ‘देव मला आंधळा करो’ ही अंगावर काटा आणणारी शपथ आहे. आज ती चहा सांडला तरी तोंडातून निघते.

या गिळण्याला कायद्याचाही हातभार लागला. १६०६ साली पहिल्या जेम्सच्या संसदेने नाटकवाल्यांसाठी खास कायदा केला: रंगमंचावर देव, येशू ख्रिस्त, पवित्र आत्मा किंवा त्रैक्य यांचं नाव थट्टेवारी घेतलं तर दर वेळी १० पौंड दंड, निम्मा राजाच्या तिजोरीत आणि निम्मा चहाडी करणाऱ्याच्या खिशात. ग्लोबसारख्या नाट्यगृहात उभं राहून नाटक बघायला एक पेनी पडे आणि पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे एका ‘झून्ड्स’मागे २,४०० उभ्या प्रेक्षकांचं उत्पन्न गेलं. परिणाम छापील पानांवर दिसतो. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या १६२२ च्या छोट्या आवृत्तीत खलनायक इयागो आल्या आल्या ‘स्ब्लड’ म्हणतो. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या एकत्रित, मोठ्या आकाराच्या आवृत्तीत, तो शब्द गायब आहे, आणि नाटकभरातून अशा पन्नासएक शपथा उपटलेल्या आहेत. खरं तर कायदा प्रयोगापुरता होता, छपाईला लागू नव्हता. पण धाक कलमाच्या शेवटच्या शब्दापाशी थांबतो थोडाच.

आता या कुटुंबातल्या शब्दांचं मूळ वादातीत आहे. ब्लायमीत देव आहे, क्रायकीत ख्रिस्त आहे, यावर कुणाचं दुमत नाही. मग मुळावरून निकाल लागत असता तर हे शब्द आजही सगळ्यात जहाल ठरले असते. १६९७ साली एडिंबरामध्ये थॉमस एकेनहेड या विशीतल्या विद्यार्थ्याला धर्मनिंदेसाठी फाशी दिलं. ब्रिटनमधली त्या गुन्ह्याची ती शेवटची फाशी. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो गुन्हाच २००८ मध्ये रद्द झाला. ब्रिटनच्या प्रसारण-नियामक संस्थेने, ऑफकॉमने, २०१६ मध्ये दीडशेच्या आसपास शब्दांबद्दल लोकांची मतं घेतली तेव्हा ‘गॉड’ आणि ‘जीझस क्राइस्ट’ सौम्य रकान्यात पडले. तीनशे वर्षांत मूळ तसूभर हललं नाही. निकाल मात्र फासापासून नुसत्या खांदे उडवण्यापर्यंत आला.

निकाल नेमका कशावरून लागतो, हे १७४५ च्या कायद्याने दरपत्रक लावावं तसं लिहून ठेवलं आहे. रोजंदारीचा मजूर, साधा शिपाई आणि खलाशी यांना दर शिवीला १ शिलिंग. ‘सभ्य गृहस्थ’ या पायरीच्या खालच्या बाकी सगळ्यांना २ शिलिंग. सभ्य गृहस्थ आणि त्याच्या वरच्यांना ५ शिलिंग. दुसऱ्या खेपेला दुप्पट, तिसऱ्याला तिप्पट. हा कायदा वर्षातून चारदा चर्चमध्ये जाहीर वाचायचा असा दंडक होता, आणि कागदावर तो १९६७ पर्यंत जिवंत होता. वरच्याला दंड जास्त, म्हणजे कायदा न्यायी, असं वरवर वाटेल. पण १ शिलिंग ही तेव्हाच्या मजुराची जवळपास दिवसभराची कमाई, आणि ती नसली तर रवानगी सक्तमजुरीला. जमीनदाराने ५ शिलिंग पत्त्यांच्या एका डावात घालवले असते. रक्कम सोडा, तत्त्व बघा: शब्द एकच, दर माणूस बघून.

‘ब्लडी’चं चरित्र या दरपत्रकाशेजारी ठेवून वाचावं. १६७६ च्या एका लंडनी विनोदी नाटकात ‘ब्लडी ड्रंक’ येतं. बोलणारी माणसं उंची समाजातली. १७१० ते १७१३ च्या दरम्यान जोनाथन स्विफ्ट, म्हणजे पेशाने धर्मगुरू, डब्लिनमधल्या दोन स्त्रियांना पत्रं लिहितो आणि चालताना ‘ब्लडी हॉट’ झालं असं सहज लिहून जातो. कुणालाही लाज नाही. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सन आपल्या शब्दकोशात त्यावर ‘फार असभ्य’ असा शेरा मारतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डचा मोठा कोश नोंदवतो की हा शब्द खालच्यातल्या खालच्या वर्गाच्या तोंडी सतत असतो आणि प्रतिष्ठितांना तो भयंकर वाटतो. वर्तमानपत्रं तोवर पहिलं आणि शेवटचं अक्षर छापून मध्ये रेघा ओढत होती. स्विफ्टपासून इथपर्यंत शब्दातलं ‘रक्त’ बदललेलं नाही. बदलले ते वापरणारे: तो दिवाणखान्यातून गोदीत आणि बराकीत गेला.

शब्द खाली गेला, वाईट ठरला, आणि मग प्रश्न पडला की यात वाईट काय आहे? रक्त हा काही घाणेरडा शब्द नाही. म्हणून मग कुणी म्हणालं ख्रिस्ताचं रक्त, कुणी म्हणालं ‘बाय अवर लेडी’. या दुसऱ्या मताच्या बाजूने स्विफ्टचंच एक वाक्य पुढे केलं जातं, ज्यात तो थंडी पडू लागल्याचं सांगताना मध्ये ‘बायर लेडी’ घालतो. पण तेच वाक्य त्या मताच्या मुळावर येतं. एकच माणूस, त्याच पत्रांत, दोन्ही शब्द वेगवेगळे वापरतो आहे. एक दुसऱ्यात मुरलेला नाही. ‘बायर लेडी’ ही शपथ, ती वाक्यात कुठेही सुटी उभी राहू शकते. ‘ब्लडी’ कायम पुढच्या शब्दाच्या खांद्यावर हात टाकून चालतो. दोहोंच्या मधल्या उच्चाराची एकही पायरी कुठे लिहिलेली सापडत नाही. त्या काळी ‘ब्लड’ म्हणवले जाणारे श्रीमंत दंगेखोर तरुण होते आणि ते पीत कसे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘ब्लडी ड्रंक’ची नाळ तिथे जुळत असावी, हा अंदाज त्या मानाने बरा. पण अंदाजच.

११ एप्रिल १९१४ ला लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा प्रयोग झाला. आपल्याकडे ‘ती फुलराणी’ ज्यावरून आली ते हे नाटक. मिसेस पॅट्रिक कॅम्पबेलच्या एलायझाने ‘नॉट ब्लडी लाइकली’ म्हटलं आणि प्रेक्षागृह मिनिटभराहून जास्त हसत राहिलं. ते काय ऐकून हसले? मरियमची विटंबना ऐकून नव्हे. फुलवालीच्या तोंडचा शब्द, घोटून घोटून बसवलेल्या खानदानी उच्चारात आला, म्हणून हसले. शॉला शब्दाचं मूळ नको होतं, त्याचा पत्ता हवा होता. त्याआधी १८८७ च्या जानेवारीत गिल्बर्ट आणि सलिव्हनच्या ‘रडीगोर’ या संगीतिकेच्या नावावरून गहजब झाला होता. ‘रडी’ म्हणजे लालसर, आणि लालसर म्हणजे ब्लडीची पळवाट. शेवटी नावातलं एक अक्षर बदलून लोकांची समजूत घालावी लागली. रंगाच्या नावाला कुठलं आलंय पापी मूळ? तरी तो शब्द बाटला, कारण बाटलेल्या शब्दाच्या जागी उभा होता.

मग अशा गोष्टी ऐकल्या की तपासायच्या कशा? कोशकार जे करतात ते कुणालाही जमण्यासारखं आहे. शब्द पहिल्यांदा कधी लिहिला गेला ती तारीख काढायची, आणि गोष्ट ज्या काळाची सांगितली जाते ती तारीख तिच्याशेजारी ठेवायची. दोन्हींत शंभर वर्षांची दरी असेल तर मधल्या पायऱ्या मागायच्या. त्याच सुमारास त्याच ढंगाचे भाऊबंद शब्द होते का ते बघायचं. आणि गोष्ट फार घोटीव असेल, आद्याक्षरं जुळवून शब्द तयार झाला असं सांगत असेल, तर दार लावून घ्यायचं; आद्याक्षरांचे शब्द बनवण्याची सवय विसाव्या शतकाच्या आधी जवळपास नव्हतीच. ‘व्हॉट द डिकन्स’ चार्ल्स डिकन्सवरून आलं म्हणणाऱ्याला एवढंच सांगावं की डिकन्स १८१२ चा आणि ते बोल शेक्सपिअरच्या नाटकातले. तिथे डिकन्स म्हणजे सैतान, नाव न घेता.

पितळी माकड घ्या. इंग्रजीत कडक थंडीला ‘पितळी माकडाचे गोळे गळून पडतील’ असं म्हणतात. गोष्ट अशी की जहाजावर तोफगोळे रचायच्या पितळी तबकाला ‘मंकी’ म्हणत. थंडीत पितळ लोखंडापेक्षा जास्त आकसे आणि गोळे घरंगळत. हिशेब करू. पितळ एका अंशाला दर दहा लाखांत साधारण १९ भाग आकसतं, लोखंड ११ ते १२; फरक साडेसात धरा. ३२ पौंडी तोफेचा गोळा साधारण साडेपंधरा सेंटिमीटरचा. पारा ३० अंशांनी उतरला तर एका गोळ्याच्या घरात फरक पडतो ०.०३५ मिलिमीटर, वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्माही नाही. त्याने गोळा हलायचा नाही. शिवाय गोळे लाकडी फळ्यांना पाडलेल्या भोकांत ठेवत. डुलणाऱ्या डेकवर लोखंडी गोळ्यांचा मनोरा रचणारा कप्तान जगातून लवकरच नाहीसा झाला असता. आणि एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या नोंदींत गोळे नाहीतच. माकडाचं नाक आहे, शेपूट आहे, उकाड्यात वितळणारं नाकही आहे. पितळी माकडाच्या मूर्ती घराघरांत असत, त्यांचा एकेक अवयव लोक गळायला लावत होते. गोळ्यांचा नंबर शेवटी लागला. तोफांची गोष्ट आली ती त्या गोळ्यांना सोवळं नेसवायला.

‘कॉडस्वॉलप’ म्हणजे भंकस, फालतू बडबड. याची गोष्ट तर आपल्या ओळखीच्या बाटलीत बसते. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये काचेच्या गोटीने बंद होणाऱ्या बाटलीचं पेटंट घेतलं. आपला गोटी सोडा तो हाच. बाटली उलटी धरून भरायची, सरळ करताना वायूच्या दाबाने गोटी मानेतल्या रबरी कड्यावर घट्ट बसते. अंगठ्याने किंवा लाकडी टोपणाने दाबली की फट्‌कन खाली जाते आणि मानेला पाडलेल्या चिमट्यांत अडकते, म्हणून ओतताना पुन्हा तोंड बंद करत नाही. बाटली योग्य बाजूने कलती धरली नाही तर गोटी सुटून धार तुटते, हे सोडा प्यायलेल्या कुणालाही माहीत. गोष्ट म्हणते की बीअर पिणारे या मिळमिळीत पेयाला ‘कॉडचं वॉलप’ म्हणून हिणवत. पण वॉलप म्हणजे बीअर ही बोली विसाव्या शतकातली, आणि ‘कॉडस्वॉलप’ लिखित सापडतो १९५९ मध्ये, एका रेडिओ-टीव्हीवरच्या विनोदी मालिकेच्या संहितेत. पेटंटपासून ८७ वर्षं हा शब्द नेमका कुणाच्या तोंडात दडून होता?

‘दाम’ची गोष्ट आपल्याला जास्त गोड लागते. अकबराच्या काळी ४० दामांचा एक रुपया; आपल्या बोलण्यात दमडी, छदाम, फुटकी कवडी अजून आहेत. ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ म्हणजे एका दामाचीही पर्वा नाही, हे कानाला पटतं. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात यूल आणि बर्नेल यांनीच ही कल्पना मांडली. वेलिंग्टनच्या तोंडी ‘टूपेनी डॅम’ घातलं जातं आणि १८०३ मध्ये जालन्याजवळ असईला लढलेला माणूस म्हटल्यावर गोष्टीला आपसूक पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. पण १७६० च्या सुमारास ऑलिव्हर गोल्डस्मिथने ‘तीन डॅम’ची पर्वा नसल्याचं लिहिलं आहे, आणि त्याहून आधीपासून ‘डॅम’ हे नाम ‘डॅम म्हणून दिलेली शिवी’ या अर्थाने चालत होतं. एक शिवी घालण्याइतकीही किंमत नाही, एवढाच अर्थ. ऑक्सफर्डच्या कोशाने दामाची कल्पना चतुर ठरवून निराधार म्हणून बाजूला ठेवली. क्षुल्लक वस्तूचं नाव घेऊन नकार देणं सगळ्याच भाषांत असतं. आपली दमडी आणि त्यांचं डॅम शेजारी बसले म्हणून सोयरे होत नाहीत.

सगळ्याच गोष्टी खोट्या निघतात असं नाही. ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. १८६१ मध्ये तिथे लष्करी छावणी उभी राहिली. मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईहून मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे पडून राहत, आणि बोटी थंडीच्या हंगामातच सुटत. चुकीच्या महिन्यात मुदत संपली तर उन्हाळा आणि पावसाळा काम नसताना काढायचा. पिणं, मारामाऱ्या, गुप्तरोग, मलेरिया. त्याला ‘डूलॅली टॅप’ म्हणत, आणि हा टॅप म्हणजे आपला ताप. इथे जागा आहे, तारीख आहे, बोलणारे कोण ते माहीत आहे, आणि ‘टॅप’ गळून ‘डूलॅली’ उरण्याची मधली पायरीही आहे. गोष्ट पास. पण पास झाली म्हणून लंडनमध्ये कुणी कुणाला डूलॅली म्हटल्यावर देवळालीकराने मानहानीचा दावा लावावा का?

इथे माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग येतो. मूळ खरं असलं तरी ते गैरलागू असतं. ‘बर्क’ म्हणजे बावळट. ब्रिटिश वर्तमानपत्रं तो बिनधास्त छापतात. तो लंडनच्या यमकी बोलीतला: खरा शब्द टाळायचा, त्याला यमक जुळणारी जोडी घ्यायची आणि जोडीतला जुळणारा भागच गाळायचा. इथे जोडी होती ‘बर्कली हंट’, आणि ‘हंट’शी जुळणारा शब्द इंग्रजीतला सगळ्यात वर्ज्य शब्द आहे. ‘बगर’ तर इतिहासाचा काळा तुकडाच. बल्गेरियातल्या पाखंडी पंथाच्या नावावरून फ्रेंचमध्ये ‘बूग्र’, पाखंड्यांवर समलैंगिकतेचा आळ, तिथून इंग्रजीत. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्यात त्या नावाच्या गुन्ह्याला मृत्युदंड लागला, १८३५ मध्ये त्यासाठी शेवटचे दोघे फासावर गेले, आणि १८६० च्या भारतीय दंड संहितेत तोच कलम ३७७ म्हणून आपल्या गळ्यात आला. संमतीच्या संबंधांपुरता तो २०१८ ला सुटला. आज ब्रिटनमध्ये ‘पुअर ओल्ड बगर’ हे जवळजवळ मायेने म्हणतात.

याच्या उलट बाजूला ‘पाकी’ ठेवा. ‘पाकिस्तानी’चं चार इंग्रजी अक्षरांत आखडलेलं रूप. व्युत्पत्ती धुतल्या तांदळासारखी. तरी सत्तरच्या दशकात ब्रिटनच्या रस्त्यांवर ज्याला तो ऐकावा लागला तो पाकिस्तानी होता, गुजराती होता की आपला मराठी, हे मारणारा विचारत नव्हता. ऑफकॉमच्या पाहणीत तो जहाल शब्दांत मोडतो, आणि २००९ मध्ये राजपुत्र हॅरीला तो वापरल्याबद्दल माफी मागावी लागली. घाणेरड्या मुळाचा ‘बर्क’ सौम्य, स्वच्छ मुळाचा ‘पाकी’ जहाल. या जोडीपुढे मुळाचा युक्तिवाद उभा राहूच शकत नाही.

म्हणून नॉटिंगहॅमचा १९७७ चा खटला मला अर्धाच आवडतो. सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या तबकडीच्या नावात ‘बोलॉक्स’, म्हणजे वृषण, हा शब्द होता. दुकानाच्या खिडकीत ती लावल्याबद्दल व्यवस्थापकावर १८८९ च्या अश्लील जाहिरातींच्या कायद्याखाली खटला भरला. बचावाला वकील जॉन मॉर्टिमर, आणि साक्षीला नॉटिंगहॅम विद्यापीठाचे इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ली, जे स्वतः दीक्षित धर्मगुरूही होते. त्यांनी सांगितलं की शब्द हजार वर्षांचा आहे, बायबलच्या जुन्या भाषांतरात आला आहे, पाद्र्यासाठी टोपणनाव म्हणून आणि पुढे निरर्थक बडबड या अर्थाने वापरला गेला आहे. दंडाधिकाऱ्यांनी नाक मुरडत आरोपीला सोडलं. निकाल बरोबर, साक्ष चुकीच्या प्रश्नावर. समजा प्राध्यापकांना कोशात पाद्री सापडला नसता, तर त्याच खिडकीतलं तेच नाव गुन्हा ठरलं असतं का? विचारायला हवं होतं ते एवढंच: १९७७ मध्ये त्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला या शब्दाने काय होतं?

ऑफकॉम नेमकं हेच विचारतं, म्हणून त्यांची पद्धत मला शहाणी वाटते. त्यांच्याकडे बंदी घातलेल्या शब्दांची यादी नाही. लोकांना गटात बसवून शब्द आणि प्रसंग दाखवतात, कुणाला कधी खटकतं ते नोंदवतात, आणि रात्री ९ ते पहाटे साडेपाचची रेघ, कार्यक्रम, अपेक्षित प्रेक्षक हे बघून तक्रार निकाली काढतात. काही वर्षांनी पुन्हा विचारतात, कारण उत्तरं बदलतात. यादीवाल्यांची फजिती होते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन जाहिरातीत ‘ब्लडी’ आहे म्हणून ब्रिटनमध्ये टीव्हीवर ती आधी अडवली आणि मग माघार घेतली. आपल्याकडे २०१५ मध्ये सेन्सॉर बोर्डाच्या अध्यक्षांनी वर्ज्य शब्दांची यादी फिरवली, ती बोर्डातच अडली. यादी करणाऱ्याला वाटतं वाईटपणा शब्दाच्या पोटात साठवलेला असतो, गोटी दाबली की बाहेर येईल.

याला एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. ‘स्वीट फॅनी ॲडम्स’ किंवा नुसतं ‘स्वीट एफ. ए.’ म्हणजे काहीही नाही, शून्य. एफ अक्षराच्या मोठ्या शिवीवर घातलेलं पांघरूण. फॅनी ॲडम्स ही हॅम्पशरमधल्या ऑल्टनची आठ वर्षांची मुलगी. २४ ऑगस्ट १८६७ ला एका वकिलाच्या कारकुनाने तिला मारून तिचे तुकडे केले; डिसेंबरात त्याला विंचेस्टरला फाशी झाली. त्याच सुमारास आरमारात डबाबंद मटण नव्याने मिळू लागलं होतं, ते खलाशांना आवडलं नाही, आणि त्यांनी त्याला तिचं नाव दिलं. निरुपयोगी मटणावरून ‘काहीच नाही’पर्यंत शब्द आला, आणि आद्याक्षरं जुळली म्हणून टिकला. इथे तारीख आहे, जागा आहे, मधल्या पायऱ्या आहेत; मूळ पक्कं आहे.

माझ्या नियमाने हा शब्द चालायला हवा, कारण बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती मुलगी माहीत नाही आणि ऐकणाऱ्याला काही टोचत नाही. ऑफकॉमने त्यावर बंदी घालावी असं मी म्हणणारही नाही. पण बर्कच्या मुळाशी कुणी माणूस नाही, ब्लडीच्या मुळाशी नाही, देवळालीच्या तापाला एकाचं नाव नाही. इथे एक नाव आहे आणि ते खरं आहे. ज्याला गोष्ट माहीत झाली त्याने शब्द टाकला तर ते नियमासाठी नव्हे, त्या नावासाठी. ऑल्टनच्या दफनभूमीत लोकांनी वर्गणी काढून १८७४ मध्ये उभारलेला तिचा दगड अजून आहे.